३६ हजारांचं कंत्राट की २७ हजारांची कायम नोकरी?

प्रश्न : मी डिचोलीची, नर्सिंगची जीएनएम पदविका झालेली. म्हापशातल्या खाजगी इस्पितळात ४ वर्षं ७ महिने कायम नोकरी. मूळ पगार १८,०००, पीएफ कापून हातात २७,०००. आता सत्तरीत मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्यासाठी घरोघरी, शाळांत जाणाऱ्या नर्सचं काम मिळतंय : २ वर्षांचं कंत्राट, महिना ३६,००० मानधन, प्रवासभत्ता २,५००. आईवडील माझ्या इस्पितळाच्या गट विम्यात आहेत. महिन्याचा खर्च १७,०००, मुदत ठेव ६०,०००. जाऊ का?

उत्तर : जा, पण पाच महिन्यांनी. आणि पगार वाढतोय म्हणून जाऊ नका, कारण तो वाढत नाहीये.

आधी आजची नोकरी मोजू. हातात २७,०००. तुमचा पीएफ २,१६० आणि इस्पितळाचा तेवढाच, हे दोन्ही तुमचेच पैसे. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, म्हणजे १८,००० × १५ ÷ २६ = १०,३८५; महिन्याला ८६५. यातून कदंब बसच्या प्रवासाचे १,२०० वजा केले की ३०,९८५.

आता कंत्राट. सत्तरीतल्या वाळपई, होंडा, केरी, ठाणे या गावांत फिरायचं तर दिवसाला ८० किलोमीटर सहज होतात. २२ दिवसांचे १,७६० किलोमीटर, स्कूटर ४५ चं ॲव्हरेज देते असं धरलं तर ३९ लिटर. लिटरला १०० रुपये धरून ३,९००. वर्षाला २१,००० किलोमीटर म्हणजे सातेक सर्व्हिसिंग, टायर, बेल्ट, पावसात झिजणारे ब्रेक शू. त्याचे महिना ९०० ठेवा. भत्ता वजा जाता २,३०० तुमच्या खिशातून. गट विमा सुटल्यावर तिघांच्या पॉलिसीचे ३,००० धरू, कोटेशन घेऊन हा आकडा पक्का करा. उरले ३०,७००. पत्रात दिसणारी नऊ हजारांची वाढ अशी विरघळते.

शिवाय पत्रात ‘मानधन’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ आजच विचारा. कर्मचारी म्हणून घेणार असतील तर पीएफ लागू आहे का, आणि असल्यास ३६,००० त्यांच्या वाट्यासकट की वेगळे, हे लेखी घ्या. सल्लागार म्हणून घेणार असतील तर पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, वर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर. महिना ३,६०० कापले जाऊन हातात ३२,४०० येतील. नव्या करप्रणालीत तुमच्यावर कर बसत नाही, पण ही रक्कम विवरणपत्र भरल्यावरच परत मिळते. वर्षाचे ४३,२०० अडकून राहतात.

पाच महिने का थांबायचं? कायम नोकरीत पाच वर्षं पुरी झाली की ५१,९२३ रुपये ग्रॅच्युइटी हक्काने मिळते. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पुरे, असे न्यायालयाचे निकाल आहेत. पण त्यावर विसंबून इस्पितळाशी भांडत बसण्यात तुमचा वेळ जाईल. नोटिशीचा काळ सेवेतच धरला जातो, तेव्हा दोन महिन्यांची नोटीस असेल तर तीन महिन्यांनी राजीनामा द्या. शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पलीकडे पडेल हे कॅलेंडरवर दोनदा तपासा. नोटिशीऐवजी पैसे भरून लवकर सुटू नका. पीएफ काढू नका. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच ठेवा; पीएफच्या पेन्शन योजनेत तुमचं नाव असेल तर तिच्यासाठी लागणाऱ्या १० वर्षांत ही वर्षं मोजली जातात.

विम्याचंही राजीनाम्याआधी बघा. गट पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय मागा, म्हणजे आईवडिलांच्या जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड ठेवाच, पण तिच्यात ठरावीक यादीतलेच उपचार बसतात. रोज स्कूटरवर असणार, तेव्हा स्वतःचा अपघात विमा वेगळा घ्या.

मग जायचंच कशाला? कारण हे काम मोलाचं आहे. वाळपईच्या पलीकडच्या वाड्यावरून मुलाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचं तर आईचा किंवा बापाचा एक रोज बुडतो. दोनतीन खेपांनंतर येणं थांबतं आणि गोळ्याही थांबतात. अतिचंचलतेच्या औषधावर असलेल्या मुलाचं वजन, उंची, नाडी, रक्तदाब घरी जाऊन मोजणारी, भूक मेलीय का, झोप लागते का हे विचारणारी नर्स असली की उपचार टिकतो. हा अनुभव आणि पुढे मनोविकार नर्सिंगची एक वर्षाची पदविका मिळून तुमची पुढची कमाई घडेल. पदविकेच्या वर्षाचा पगार किंवा फी कंत्राट देणारी संस्था देईल का, हे आत्ताच विचारा, नंतर नव्हे.

करारात आणखी दोन गोष्टी हव्यात. पहिली, एका वेळी किती मुलं. गोव्यात बहुतेक शाळा दुपारी सुटतात, त्यामुळे घरभेटी दोन ते सातच्या आतच बसतात. रस्ता धरून दिवसाला चार झाल्या तरी खूप. आकडा लिहिलेला नसेल तर तो वाढतच जातो, आणि या कामात माणूस थकून वर्षात सोडतो. तुमचं अर्थकारण त्याच दिवशी कोसळेल, आणि त्या मुलाला सगळं नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागेल. दुसरी, रात्री किंवा रविवारी एखाद्या मुलाने जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली तर फोन कोण घेणार? कुटुंबासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहेच, पण संस्थेतल्या जबाबदार डॉक्टरचं नाव कागदावर हवं. सगळं तुमच्या मोबाईलवर येऊन पडता कामा नये.

प्रवासभत्ता ठोक न घेता किलोमीटरमागे मागा. तीन रुपये मिळाले तरी ५,२८० होतात आणि तुमची तूट भरून निघते.

ठेव मात्र अपुरी आहे. प्रकल्पाचा निधी नव्याने मंजूर होताना मार्च-एप्रिलमध्ये मानधन एकदोन महिने लांबणं नेहमीचं. सहा महिन्यांच्या खर्चाला १,०२,००० लागतात, ४२,००० कमी पडतात. ग्रॅच्युइटीचे पैसे आले की तेवढे थेट ठेवीत टाका. पीएफ बंद होणार असेल तर महिना ४,३०० पीपीएफमध्ये भरा, मानधन खात्यात आल्याच्या दिवशीच.