चेक-इन झाल्यावर एअरलाइनने माझी पैसे भरून घेतलेली सीट बदलली. असं करता येतं का? गेटवर वाद घालून काही उपयोग होतो का?

करता येतं. आणि उपयोग होतो, वेळेवर तोंड उघडलं तर. या दुसऱ्या भागावरून आमच्या घरात तीन वर्षं वाद चालू आहे, म्हणून उत्तर लिहायला बसले.

पहिला भाग लवकर उरकते. तिकीट काढलं म्हणजे तुम्हाला इथून तिथे नेण्याचं एअरलाइनने कबूल केलं, अमुक नंबरच्या खुर्चीत बसवून नेण्याचं नाही. सीट कधीही बदलू शकते, अगदी विमानात चढल्यावरसुद्धा, असं जवळपास प्रत्येक एअरलाइनच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. सीटचे वेगळे पैसे घेतात ते तुमची पसंती नोंदवून घेण्याचे. कारणं बहुतेक वेळा खरीही असतात. खुर्ची किंवा पट्टा नादुरुस्त निघाला तर ती सीट बंद ठेवावी लागते. एटीआर ७२ सारख्या लहान विमानात वजनाचा तोल राखायला माणसं पुढची मागे करतात. लहान मूल पालकांपासून लांब पडलेलं असतं (भारतात २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या एका तरी पालकाजवळ बसवायला सांगितलं आहे, आणि ते योग्यच आहे). सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे विमानच बदलतं. ए३२१ ऐवजी ए३२० आलं की २२० च्या वर सीट असायच्या तिथे १८० च्या आसपास राहतात, मागच्या रांगा गायबच होतात आणि सिस्टिम सगळ्यांना नव्याने बसवते. बसवताना ती खिडकी, मधली की आइल (मधल्या वाटेकडची सीट) एवढंच जुळवायला बघते.

हे ‘एवढंच’ आमच्या वाट्याला आलं.

माझ्या वडिलांचा उजवा गुडघा एका जुन्या अपघातानंतर नीट वाकत नाही. बसल्यावर पाय पुढे ताठच राहतो. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन सीट असलेल्या विमानात डावीकडून ए ते एफ अशी अक्षरं असतात; अशा माणसाला त्यातलं एकच चालतं, सी. तिथे बसलं की वाट उजव्या हाताला येते आणि उजवा पाय थोडा तिरका करून त्या बाजूला सोडता येतो. डीसुद्धा आइलच, पण तिथे वाट डाव्या हाताला. म्हणजे धडधाकट पाय मोकळा आणि अडलेला पाय पुढच्या सीटवर आपटणार. मी सीटचा नकाशा उघडून, घरात खुर्च्या मांडून हे बघितलं होतं आणि अकराव्या रांगेतल्या तीन सीट पैसे भरून घेतल्या होत्या. दादा ए, मी बी, बाबा सी. आदल्या दिवशी चेक-इन केलं, बोर्डिंग पास छापून घेतले.

गेटवर दादाचा पास स्कॅन झाला आणि लाल दिवा लागला. मग माझा, मग बाबांचा. काउंटरवरच्या मुलीने तीन नवे कागद काढून हातात दिले: २४ डी, ई, एफ. म्हणाली, “विमान बदललंय, पण तुम्ही तिघं एकत्रच आहात, आणि काकांना आइलच दिलीये.” तिच्या दृष्टीने तिने आमचं भलंच केलं होतं. मी म्हटलं, “अहो, यांना सी लागते, डी चालत नाही.” तिला कळलं नाही. मागे रांग खोळंबली होती. दादाने माझ्या दंडाला धरून मला पुढे नेलं. “अगं, आइल ती आइल. चल आता.”

विमानात गेलो तर २४ सी मध्ये एक तरुण मुलगा बसलेला, कानात इअरफोन, पाय अगदी व्यवस्थित दुमडलेले. वाटेच्या पलीकडे, एका हाताच्या अंतरावर. त्याला फक्त तीच रांग, तशीच आइल, या बाजूची घ्यायची होती. त्याचं काहीही जाणार नव्हतं. मी उठायला लागले तर दादा दबक्या आवाजात म्हणाला, “कुणाला उठवायचं नाही. सगळे बघतायत. बाबा काही म्हणतायत का? मग तू कशाला?”

आणि मी बसले. तीन वर्षं मला तेवढं एकच सलतंय.

पुढचे अडीच तास मी मधल्या सीटवरून बघत होते. बाबा कमरेतून डावीकडे वळून बसले होते, उजवा पाय डाव्या पायावरून ओढून वाटेत काढलेला. दर वेळी ट्रॉली आली की क्रूमधली मुलगी नम्रपणे म्हणायची, “सर, पाय आत घ्या.” मग बाबा दोन्ही हातांनी गुडघ्याजवळ पँटचं कापड धरायचे, पाय उचलायचे, आत ठेवायचे, ट्रॉली गेली की परत उचलून बाहेर. पाचसहा वेळा तरी. प्रत्येक वेळी त्या मुलीला “सॉरी” म्हणायचे. उतरताना त्यांना उभं राहायला माझा आणि दादाचा, दोघांचा आधार लागला, आणि रात्री गुडघा सुजून डावा-उजवा वेगळा ओळखू येत होता.

परत आल्यावर मी सीटच्या पैशांसाठी अर्ज केला. उत्तर आलं, आइलच्या बदल्यात आइल दिली आहे, परतावा बसत नाही. मी दुसरा मेल लिहिला, सोबत विमानाच्या सहा सीटचं चित्र काढून, वाट कुठे आणि पाय कुठे हे बाण करून दाखवलं. त्यानंतर पैसे परत आले. दादा म्हणाला, एवढ्याशा पैशांसाठी किती लिहीत बसलीस. पैशांसाठी नव्हतंच ते.

नंतर शोधताना मला अमेरिकेचा नियम सापडला. तिथे अपंग प्रवाशांसाठीच्या नियमांत, भाग ३८२ मध्ये, न वाकणाऱ्या पायाच्या प्रवाशाबद्दल स्पष्ट लिहिलंय: त्याला पुढे भिंत असलेली पहिली किंवा जास्त जागेची सीट द्यायची, आणि ती वाटेच्या ज्या बाजूला त्याला सोयीची पडेल त्या बाजूला. बाजू! म्हणजे आइल ती आइल नसते, हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत आहे. आमचं विमान अमेरिकेला जाणारं नव्हतं, आम्हाला तो नियम लागू नव्हता. तरी मी ते वाक्य दादाला पाठवलं. त्याने वाचलं. काही बोलला नाही.

तुमच्याबाबत सांगायचं तर, गेटवर “माझी सीट का बदलली” असं भांडू नका. काउंटरवरच्या माणसाने ती बदललेली नसते आणि कारणावर चर्चा करायला त्याला वेळही नसतो. तुम्हाला नेमकं काय हवंय आणि का, हे एका वाक्यात सांगा. “यांचा उजवा पाय वाकत नाही, सी अक्षराची कुठलीही सीट द्या.” असं मी म्हणाले असते तर त्या मुलीला कळलं असतं, असं मला आज वाटतं. तिथे नाही जमलं तर विमानात शेजाऱ्याला विचारा. माणसं ‘नाही’ म्हणू शकतात, त्यांना तो हक्क आहे. पण विचारणं म्हणजे तमाशा करणं नव्हे, आणि ज्याला त्रास होतोय तो गप्प आहे म्हणून त्याला त्रास नाही असं ठरवणाऱ्यांचं ऐकू नका. बाबा कधीच काही म्हणत नाहीत. म्हणून तर कुणीतरी म्हणावं लागतं.

जुना बोर्डिंग पास फेकू नका, नव्यासोबत त्याचाही फोटो काढून ठेवा. पैसे मागताना “गैरसोय झाली” असं मोघम लिहू नका. काय विकत घेतलं होतं आणि काय मिळालं, ते लिहा. पैसे भरून घेतलेली सेवा दिली नाही तर तिचे पैसे परत द्यायचे, असा नियम अमेरिकेने २०२४ मध्ये केला आहे. युरोपात २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे खालच्या वर्गात बसवलं तर अंतरानुसार तिकिटाच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम परत मिळते. पण ते वर्ग बदलला तरच, त्याच वर्गात पुढची सीट मागे गेली तर नाही. तुम्ही कुठून कुठे जात होतात ते लिहिलेलं नाही, त्यामुळे तुम्हाला यातलं काय लागू होईल ते तुम्हालाच बघावं लागेल.

दोन गोष्टी राहिल्या. दरवाजे बंद झाल्यावर क्रूने बसा म्हटलं की बसायचं. तिथे हट्ट केला तर तुम्हाला उतरवू शकतात आणि त्यात चूक तुमची असेल. आणि आमच्या बाबतीत हेही खरं की बुकिंग करताना मी पायाबद्दल एअरलाइनला काहीच कळवलं नव्हतं. सीट निवडली की झालं, असं समजले होते. आधी कळवलं असतं तर त्या पीएनआरवर तशी नोंद राहिली असती. (इमर्जन्सी एक्झिटची रांग घ्या, तिथे पायाला जागा असते, असंही कुणी सुचवेल. ज्याला स्वतः पटकन उठून दार उघडता येत नाही त्याला तिथे बसवत नाहीत.)

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं परत जातोय. या वेळी एअरलाइनला फोन करून पायाची नोंद करून घेतली. फोन दादाने केला. मी शेजारीच होते. “उजवा पाय आहे, सी लागेल, डी चालणार नाही,” असं त्याने दोनदा सांगितलं.