खंडानंतर पुन्हा शो जंपिंग : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरे

अनेक वर्षांच्या खंडानंतर हौशी शो जंपिंग, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या, स्पर्धांकडे परतू पाहणाऱ्या स्वारांच्या पत्रांत एकच गोंधळ वारंवार दिसतो. स्वार स्वतःची तयारी बारकाईने मोजतो आणि घोड्याची तयारी मात्र गृहीत धरतो. म्हणून त्यांतील काही प्रश्नांना येथे एकत्रित उत्तरे देत आहे. मी घोड्यांचा डॉक्टर असल्यामुळे बैठक, हात आणि तंत्र यांविषयीचे प्रश्न प्रशिक्षकांसाठी सोडले आहेत.

प्रश्न : माझे हेल्मेट बारा वर्षे कपाटात जपून ठेवले आहे. ते घालून मी एकदाही पडलेलो नाही. आता वापरता येईल का?

नाही. बहुतेक उत्पादक साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलण्यास सांगतात आणि स्पर्धांमध्ये मान्य असलेल्या सुरक्षामानकांची यादीही मधल्या काळात बदलली आहे, तेव्हा आयोजकांकडून चालू यादी मागवून मगच नवे घ्या.

प्रश्न : आमच्या वेळी घोड्याने अडथळ्यापुढे थांबून तिसऱ्यांदा उडीला नकार दिला की स्वार बाद होत असे. आता काय नियम आहे?

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या नियमांनुसार पहिल्या नकाराला ४ दंडगुण मिळतात आणि दुसऱ्या नकाराला स्वार बाद होतो. घोडा किंवा स्वार पडला तरीही फेरी तिथेच संपते. राष्ट्रीय संघटनांच्या खालच्या गटांत सवलत असू शकते, त्यामुळे त्या स्पर्धेची नियमपुस्तिका वाचा. जुन्या मित्रांच्या आठवणींवर विसंबू नका.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा घोडा चौदा महिने कुरणात मोकळा होता. त्याला कोणतीही दुखापत नव्हती, मलाच वेळ नव्हता. महिनाभरापासून त्याला कामाला लावले आहे आणि आता बराच वेळ कॅन्टर (मध्यम वेगाची दौड) करूनही त्याचा श्वास लगेच सावरतो. सहा आठवड्यांनी एक मीटर उंचीची स्पर्धा आहे. नाव नोंदवावे का?

नोंदवू नये. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

श्वास लवकर सावरतो याचा अर्थ हृदय आणि फुप्फुसे कामाला सरावली आहेत, एवढाच. ही दोन्ही काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना दोन-तीन महिने लागतात. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे), अस्थिबंध (हाडे एकमेकांना जोडणारे पट्टे) आणि हाडे यांना मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो, आणि त्यांची स्थिती ना घामावरून कळते ना नाडीवरून. त्यामुळे सर्वाधिक धोका दमणाऱ्या घोड्याला नसतो. दमणे थांबलेल्या, अंगात उत्साह आलेल्या आणि पाय अजून कच्चे असलेल्या घोड्याला असतो. तुमचा घोडा आज नेमका त्या टप्प्यावर आहे.

हाडाचे उदाहरण घ्या. विश्रांतीनंतर काम वाढू लागले की शरीर हाडाची फेररचना करू लागते, परंतु या प्रक्रियेत जुने हाड आधी काढले जाते आणि नवे नंतर भरले जाते. काढण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याचे काम महिनोन्महिने चालते. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कमजोर असते, आणि अधीर स्वार अडथळे वर चढवतो ते बहुधा याच काळात.

कंडरेची गोष्ट याहून नाजूक आहे. घोडा नुसता उभा असतो तेव्हाही त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. उडीनंतर उतरताना सगळे शरीर क्षणभर एकाच पुढच्या पायावर येते, फेटलॉकचा, म्हणजे गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा, सांधा जमिनीकडे खचतो आणि नळीच्या हाडामागची कंडरा तिच्या ताकदीच्या जवळजवळ टोकापर्यंत ताणली जाते. ती ताणली जाते आणि परत आखडते, म्हणूनच घोडा इतक्या कमी श्रमात धावू शकतो. पण त्या प्रत्येक वेळी थोडी उष्णता आतच राहते आणि चौखूर धावताना तिच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचे मोजले गेले आहे. ही कंडरा एकदा फाटली की ती व्रणाच्या ऊतीने भरून येते, मूळच्या तंतूंनी नाही. बरे होण्यास नऊ ते बारा महिने लागतात, आणि त्यानंतरही ती पुन्हा फाटण्याची भीती राहतेच. सहा आठवड्यांच्या घाईसाठी एवढी किंमत मोजणे मला कधीच पटलेले नाही.

निरोगी घोडा वर्षभर मोकळा राहिला असेल, तर पहिले सहा ते आठ आठवडे प्रामुख्याने साधी, पावलापावलाची चाल असावी, तीही टणक आणि सपाट जमिनीवर, वीस मिनिटांपासून हळूहळू तासापर्यंत वाढवत नेलेली. सांगितल्यावर सर्वांत जास्त नाके मुरडली जातात ती इथेच. त्यानंतर एक-दोन मिनिटांचे ट्रॉटचे (दुडक्या चालीचे) तुकडे, तिसऱ्या महिन्यात कॅन्टर, मग जमिनीवर ठेवलेले पोल, आणि चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा छोट्या उड्या. एका आठवड्यात एकतर वेळ वाढवावा किंवा वेग. दोन्ही एकदम नाही. स्पर्धेचा विचार सहाव्या महिन्यात करावा. तुम्ही महिनाभरातच बराच वेळ कॅन्टर करत आहात, म्हणजे यातील बहुतेक पायऱ्या गाळल्या गेल्या आहेत. तेव्हा काम पुन्हा चालीवर आणा आणि पुढचे वेळापत्रक घोड्याला तपासणाऱ्या पशुवैद्याकडूनच आखून घ्या.

दरम्यान रोज सकाळी, कामाच्या आधी, एक तपासणी स्वतः करा आणि ती मोतद्दारावर सोपवू नका. घोड्याचा पुढचा पाय उचलून गुडघ्यात दुमडा, नळीच्या मागची कंडरा अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत धरा आणि गुडघ्याखालून फेटलॉकपर्यंत सावकाश सरकत या. तिच्या कडा दोरीसारख्या स्पष्ट लागल्या पाहिजेत. कुठे जाडसर, मऊ किंवा कोमट लागले, किंवा एका ठिकाणी घोड्याने पाय हिसकला, तर दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. दोन पायांत फरक आढळला तर त्या दिवशी स्वारी नाही. फोन करा आणि कंडरेची सोनोग्राफी करून घ्या. थंड पाण्याने सूज उतरली म्हणजे दुखापत गेली असे नसते.

प्रश्न : घोडा सकाळी पहिली पाच मिनिटे पुढच्या पायाने किंचित लंगडतो, नंतर मोकळा होतो. तबेल्यात सगळे म्हणतात की वयाने होते. तीन आठवड्यांनी स्पर्धा आहे. ती झाल्यावर दाखवले तर चालेल का? तोवर ब्यूट द्यावे, ते दोन दिवसांत उतरते, असेही ऐकले.

चालणार नाही. थोडे चालून मोकळा होणारा घोडा सांध्याच्या झिजेने त्रस्त असू शकतो आणि इतर कारणेही संभवतात. कोणते कारण आहे हे तबेल्यातील बहुमताने ठरत नाही. ब्यूट, म्हणजे फेनिलब्युटाझोन, वेदना झाकते, आणि वेदना झाकलेला घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण जोराने उतरतो. एफईआयच्या नियमांत ते नियंत्रित औषध आहे आणि स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात सापडल्यास स्वाराला जबाबदार धरले जाते. ते किती दिवसांत उतरते हे मात्रा, किती दिवस दिले आणि घोडा कोणता यांवर अवलंबून आहे. असा आकडा तुमचा पशुवैद्य देईल, शेजारच्या तबेल्यातील मंडळी नाही.

‘वनस्पतीजन्य असल्यामुळे निर्धोक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांबद्दलही तेच. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये घोड्याच्या नमुन्यात मिरचीतील कॅप्सेसिन सापडले आणि नॉर्वेच्या जंपिंग संघाचे कांस्यपदक गेले. मिरचीसुद्धा वनस्पतीच आहे. सांध्यांसाठीच्या पुडींचा तोंडावाटे उपयोग होतो याचा पुरावा तोकडा आहे, आणि डब्यावर उडी मारणाऱ्या घोड्याचे चित्र छापल्याने तो वाढत नाही. घोडा याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : एक अनुभवी घोडा विकत घेण्याचा विचार आहे. विक्रेत्याने त्याच्या पशुवैद्याचा ताजा अहवाल आणि क्ष-किरण चित्रे दिली आहेत. पुन्हा तपासणी करण्याची गरज आहे का?

आहे. तो पशुवैद्य विक्रेत्याचा आहे, हेच कारण पुरेसे आहे. तुमच्या बाजूने नेमलेल्या पशुवैद्याकडून घोडा टणक आणि मऊ अशा दोन्ही जमिनींवर, सरळ रेषेत आणि वर्तुळात तपासून घ्या, आणि त्याच वेळी रक्ताचा नमुना काढून राखून ठेवण्यास सांगा, म्हणजे त्या दिवशी घोड्याला वेदनाशामक दिले होते का हे नंतरही तपासता येते. रक्त काढण्यास विक्रेता आढेवेढे घेऊ लागला तर व्यवहार तिथेच थांबवा. ‘उद्या दुसरा ग्राहक येणार आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घोड्याच्या बाबतीत ऐकू येते.

प्रश्न : खंडापूर्वीचे खोगीर आता घोड्याच्या पाठीवर डुगडुगते. दुकानदार जेल पॅड घेण्यास सांगतो.

पाठीचे स्नायू ओसरले आहेत. जिथे दाब आधीच जास्त आहे तिथे जाड पॅड तो आणखी वाढवू शकते. खोगीर बसवून देणाऱ्या जाणकाराला आत्ता बोलवा आणि स्नायू भरू लागले की तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा. स्वारीनंतर खोगिराखालच्या घामात कोरडा ठिपका दिसला आणि तिथे दाबल्यावर घोडा पाठ खाली झुकवू लागला, तर खोगीरवाल्याच्या आधी पशुवैद्याला दाखवा.

प्रश्न : मी त्रेपन्न वर्षांची आहे, वजन वाढले आहे आणि हृदयाच्या त्रासामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. पुन्हा उड्या मारता येतील का?

वजनापुरते उत्तर मी देऊ शकतो. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. उड्यांसाठी, आणि त्यातही नुकत्याच कामाला लागलेल्या घोड्यासाठी, मी त्याहून बरेच खाली राहण्यास सांगतो. गोळ्यांचा प्रश्न मात्र तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांचा आहे. अशा गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागल्यास होणारा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो, म्हणून ‘घोड्यावर बसू का’ असे मोघम न विचारता ‘वेगात असताना घोड्यावरून पडण्याची शक्यता आहे’ असे स्पष्ट सांगून सल्ला घ्या. त्यांनी नकार दिला तर होकार देणारे दुसरे डॉक्टर शोधत फिरू नका. परवानगी मिळाली, तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : घोड्याची इन्फ्लुएंझाची लस दोन वर्षे चुकली आहे. स्पर्धेच्या आधल्या आठवड्यात एक डोस दिला की झाले ना?

झाले नाही. एवढा खंड पडला की लसीकरणाचा क्रम बहुधा पहिल्या डोसापासून सुरू करावा लागतो, दोन डोसांमध्ये ठरावीक अंतर ठेवावे लागते, आणि एफईआयच्या स्पर्धांत तर आगमनापूर्वीच्या ७ दिवसांत लस दिलेली चालतही नाही. घोड्याचे ओळखपत्र घेऊन पशुवैद्याकडे जा आणि स्पर्धेची तारीख त्यांनी लिहून दिलेल्या तारखांनंतरच ठरवा.