९, ८, ७ आणि अक्षरांचा हिशेब

प्रश्न : टूल या अमेरिकन रॉक बँडचं 'लॅटरलस' हे गाणं ऐकताना मान डोलवायला जावं तर ठेका निसटतो. मोजायचं कसं?

मुख्य रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या सुरावटीत, ९/८, ८/८ आणि ७/८ असे नऊ, आठ आणि सात ठोक्यांचे तीन तुकडे पाठोपाठ येतात. दर तुकड्यात एक ठोका कमी, म्हणून आपण सावरेपर्यंत पुढचा येऊन आदळतो. तिन्ही मिळून २४ ठोक्यांचं एक आवर्तन समजा. गंमत म्हणजे २४ म्हणजे आठाच्याही तीन फेऱ्या. निमूट आठ-आठ मोजत राहिलात, तर मध्ये दोनदा एक ठोका आधी पोहोचाल, पण समेवर बँडच्या सोबतच याल.

प्रश्न : गाण्यात फिबोनाची मालिका आहे म्हणतात. खरंच, की चाहत्यांचा खेळ?

अक्षरांपुरतं खरं आहे. या मालिकेत प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. कडव्याच्या ओळी उच्चारून मोजा: १, १, २, ३, ५, ८; मग उतरण, आणि पुन्हा चढत थेट १३ पर्यंत. हे योगायोगाने होत नाही. तालाचं मात्र वेगळं. ड्रमर डॅनी केरीने सांगितल्याप्रमाणे गाण्याचं कच्चं नावच '९-८-७' होतं, आणि ९८७ ही मालिकेतली सोळावी संख्या असल्याचं नंतर लक्षात आलं.

आणि शब्दांना ही मालिका लावणं ओढूनताणून आणलेलं मुळीच नाही. लघु-गुरूंच्या रचना मोजताना जैन पंडित हेमचंद्राने ती १२व्या शतकातच मांडली होती, फिबोनाचीच्या १२०२च्या ग्रंथाआधी. ४ मात्रा ५ प्रकारे भरता येतात, ५ मात्रा ८ प्रकारे. फरक एवढाच, की तिथे मात्रा मोजल्या, इथे अक्षरं.

प्रश्न : गायन बरोबर १.६१८ मिनिटांनी सुरू होतं, हेही मुद्दाम?

१.६१८ मिनिटं म्हणजे ९७ सेकंद. मिनिटाचे ६० सेकंद माणसाने ठरवले. त्यात सुवर्ण गुणोत्तर (१.६१८; मालिकेतल्या लगतच्या संख्यांचं गुणोत्तर याच्याच जवळ जातं) कुठून आलं? हा नाद सोडा.

प्रश्न : हे गाणं ज्यात आहे तो 'लॅटरलस' अल्बम समीक्षकांनी झोडपला होता ना?

सगळ्यांनी नाही. मे २००१मध्ये आलेला हा अल्बम बिलबोर्ड २०० या अमेरिकन अल्बम-यादीत थेट पहिला आला. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने मात्र १० पैकी १.९ गुण दिले. ग्रॅमी मिळालं ते याच अल्बममधल्या 'स्किझम'ला, २००२मध्ये. शीर्षकगीत नऊ मिनिटांच्या वर जातं, म्हणजे रेडिओला गैरसोयीचं. ते मोठं केलं मोजणाऱ्या श्रोत्यांनीच. सुमारे ७९ मिनिटांचा अल्बम पसरट आहे, ही तक्रार मला काही जागी पटते. या गाण्याबद्दल अजिबात नाही. इथली लांबी चढणीसाठी लागते.

प्रश्न : ड्रम शिकतोय. हे गाणं कुठून धरू?

ड्रमपासून धरू नका. आधी रिफ तोंडाने म्हणा आणि टाळी फक्त प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या ठोक्यावर द्या. ती चुकेनाशी झाली की बेस ड्रम आणि स्नेअर. डॅनी केरीच्या टॉम ड्रमवरच्या करामती सर्वात शेवटी.