पिकतं तिथं विकत नाही

मार्चअखेर ॲडमिशनचे निकाल लागायला लागले की माझ्याकडे पत्रांचा ओघ सुरू होतो. यंदा बहुतेक पत्रांत एकच घालमेल दिसली. राज्याचं मुख्य विद्यापीठ, ज्याला अमेरिकेत फ्लॅगशिप म्हणतात, ते मोठं समजायचं की साधं? एका घरी त्याचा होकार आला की पेढे वाटतात, दुसऱ्या घरी मुलगी दार लावून बसते. गेली कित्येक वर्षं मी न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधल्या मुलांना अर्ज भरायला मदत करते आहे. त्यामुळे उत्तरांत तिथल्या राज्य विद्यापीठाचा, म्हणजे रटगर्सचा, उल्लेख जास्त येईल, ते समजून घ्या.

प्रश्न : आम्ही एडिसनला राहतो. मुलीला रटगर्सच्या न्यू ब्रन्सविक कॅम्पसला ऑनर्स कॉलेजसकट (निवडक हुशार मुलांसाठीचा विभाग) प्रवेश मिळाला. ईमेल वाचून ती खोलीत जाऊन रडली. म्हणते, "तिथे तर सगळेच जातात." त्याच आठवड्यात टेक्सासला माझ्या चुलतबहिणीच्या मुलाला त्यांच्या राज्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर त्यांनी हॉल घेऊन पार्टी केली. रटगर्स खरंच इतकं कमी आहे का?

ताई, रटगर्स कमी नाही. पण लेकीला असं का वाटतं, ते तिच्या जागी उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

इथल्या शाळांत १ मेच्या सुमाराला बारावीची मुलं आपापल्या कॉलेजचे स्वेटशर्ट घालून येतात. दरवर्षी त्या दिवशी तुमच्या लेकीने रटगर्सचे लालभडक शर्ट ढिगाने पाहिले असणार. ज्यांना रटगर्सने नाही म्हटलं, त्यांच्या अंगावर तसं काही लिहिलेलं नसतं. "सगळेच जातात" या तिच्या हिशेबात ती मुलं धरलेलीच नाहीत. हाच शर्ट आयोवातल्या एखाद्या गावात एकट्याच्या अंगावर दिसला असता, तर तिने वळून पाहिलं असतं.

दुसरी गोष्ट शेजाराची. एडिसन स्टेशनवर एका दिशेची गाडी पकडली की पुढचंच स्टेशन न्यू ब्रन्सविक, म्हणजे रटगर्स. तीच गाडी पुढे प्रिन्स्टन जंक्शनला जाते. उलट दिशेने गेलात तर न्यूयॉर्क, तिथे कोलंबिया. इतक्या मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं झाड उंच असलं तरी उंच दिसत नाही. नेब्रास्कासारख्या राज्यात राज्याचं विद्यापीठ हेच सगळ्यांत मोठं नाव असतं. शनिवारी फुटबॉलचा सामना असला की सगळं राज्य त्याच्याच रंगाचे कपडे घालतं. तिथल्या मुलाला आपलं विद्यापीठ कमी वाटायचा प्रश्नच येत नाही.

खरं तर रटगर्स एकेकाळी या सगळ्यांच्याच पंगतीला होतं. अमेरिका स्वतंत्र होण्याआधी इथे नऊ कॉलेजं निघाली होती. रटगर्स त्यांतलं आठवं, १७६६ सालचं, तेव्हाचं नाव क्वीन्स कॉलेज. नवांपैकी सात पुढे आयव्ही लीग या नामवंत खाजगी विद्यापीठांच्या गटात गेली. उरलेली दोन, रटगर्स आणि व्हर्जिनियातलं विल्यम अँड मेरी, राज्याची झाली. रटगर्सला न्यू जर्सीचं राज्य विद्यापीठ हा दर्जा १९४५ साली मिळाला. नावात राज्याचा उल्लेख नसल्यामुळे बाहेरगावचे अनेक लोक आजही त्याला खाजगी समजतात आणि त्या समजुतीने जरा जास्त मानही देतात. घरच्यांना मात्र ते आपलंच म्हणून दिसतं.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. जॉर्जिया राज्याने १९९३ साली लॉटरीच्या उत्पन्नातून होप नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. चांगले गुण मिळवून राज्यातच शिकलात तर फीचा भार राज्य उचलणार. तोवर जी हुशार मुलं बाहेर पडायची, त्यांतली बरीच घरी थांबायला लागली. काही वर्षांत युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियात प्रवेश मिळणं अवघड झालं, आणि अवघड झालं तसं नावही चढलं. न्यू जर्सीत उलटं घडलं. रटगर्सची राज्यातल्या मुलांसाठीची वर्षाची फीच अठरा हजार डॉलरच्या आसपास पडते. नॉर्थ कॅरोलिनाच्या मुलाला चॅपल हिलचं राज्य विद्यापीठ नऊ हजारांच्या आसपास पडतं आणि फ्लोरिडाच्या मुलाला गेन्सव्हिलचं साडेसहा हजारांच्या आत. घरचंच इतकं महाग म्हटल्यावर पालक म्हणतात, आणखी थोडे घालू आणि बाहेर पाठवू. बारावीनंतर मुलं बाहेर पाठवणाऱ्या राज्यांत न्यू जर्सी कायम वरच्या रांगेत असते. जाणारी मुलं दिसतात, म्हणून जाणं मोठं वाटतं. ती पेन स्टेटला नाहीतर मेरीलँडला दुप्पट फी भरून पोचतात, आणि तिथे शेजारी बसलेला स्थानिक मुलगा त्याच विद्यापीठाला आपलं सेफ्टी स्कूल, म्हणजे हमखास प्रवेश मिळेल म्हणून हाताशी ठेवलेलं कॉलेज, म्हणत असतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पालकांना पहिल्या भेटीतच सांगून टाकते.

लेकीशी रँकिंग काढून वाद घालू नका. दोन-चार दिवस तिला वाईट वाटू द्या. तिच्या मैत्रिणी दूर चालल्यात आणि ती गाडीने वीस मिनिटांवर, हे दुःख खोटं नाही. मग एखाद्या कामाच्या दिवशी तिला घेऊन जा, प्रवेशवाल्यांच्या टूरला जोडून घेऊ नका. कॉलेज ॲव्हेन्यूवरून विद्यापीठाची एलएक्स बस पकडा, रॅरिटन नदी ओलांडून रटगर्सच्याच लिव्हिंग्स्टन कॅम्पसला उतरा, परत या. बस भरलेली असेल, कदाचित उभ्याने जावं लागेल. त्या गर्दीत कुठकुठल्या भाषा कानावर पडतात, मुलं कशाबद्दल बोलतात, ते तिला ऐकू द्या. मग प्रवेशाची कुठलीही दोन-तीन पत्रं शेजारी ठेवून, शिष्यवृत्ती वजा करून, चार वर्षांचा एकूण खर्च एका कागदावर तिच्याच हाताने लिहून घ्या. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना हा कागद आपल्याला वाटतो त्याहून चांगला समजतो.

प्रश्न : फ्रिस्को, टेक्सास. मुलगा शाळेत पहिल्या सात टक्क्यांत आहे, गुण उत्तम, तरी ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला आपोआप मिळणारा प्रवेश हुकला. माझ्या ऑफिसातल्या एकाची भाची लहान गावातल्या शाळेतून सहज गेली. आपल्याच राज्याचं विद्यापीठ आपल्याच मुलाला परकं का?

दादा, तुमची चिडचिड समजते. हा नियम कुठून आला ते सांगते. १९९६ साली न्यायालयाच्या एका निकालाने टेक्सासमध्ये प्रवेशासाठी वंश विचारात घ्यायला बंदी झाली. त्यावर विधिमंडळाने १९९७ साली कायदा केला : राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या पहिल्या दहा टक्क्यांना राज्याच्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात प्रवेश. ऑस्टिनवर इतका लोंढा आला की २००९ साली त्याला वेगळी सवलत द्यावी लागली. राज्यातल्या मुलांच्या तीन चतुर्थांश जागा या वाटेने भरल्या की पुरे. म्हणून तिथली टक्केवारी खाली खाली येत गेली. बरीच वर्षं ती सहा टक्के होती, २०२६च्या प्रवेशापासून पाच.

मोजणी शाळेपुरती होते, हे इथे कळीचं. फ्रिस्को-प्लेनोच्या शाळांत सातव्या टक्क्यावरचा मुलगा दुसऱ्या कुठल्याही शाळेत पहिल्या पाच टक्क्यांत बसला असता. म्हणून तुमच्या गल्लीत ऑस्टिन म्हणजे दुर्मीळ गोष्ट, तर पश्चिम टेक्सासच्या गावात वर्गात पहिली येणारी मुलगी हक्काने आत जाते. माझ्या मते हे अन्यायाचं नाही. त्या गावच्या शाळेत तुमच्या मुलाला मिळाले तितके प्रगत वर्गही नसतात. पण ज्याच्या घरी हा प्रवेश हुकला त्याला हे आत्ता ऐकवत नाही, तेही जाणते.

मुलासाठी वाट आहे. आपोआप प्रवेश नसला तरी उरलेल्या जागांसाठी पूर्ण अर्ज वाचला जातो, तेव्हा अर्ज जरूर करा. टेक्सास ए अँड एम या राज्याच्या दुसऱ्या मोठ्या सरकारी विद्यापीठात पहिल्या दहा टक्क्यांना प्रवेश अजूनही आहे. आणि आपोआप प्रवेश मिळालेल्यांनाही हवं ते मेजर, म्हणजे मुख्य विषय, मिळेलच असं नसतं. ऑस्टिनमध्ये कॉम्प्युटर सायन्स आणि बिझनेसची रांग वेगळीच लागते. त्या भाचीला कुठलं मेजर मिळालं, ते एकदा विचारा.

प्रश्न : यू.एस. न्यूजच्या विद्यापीठ-क्रमवारीच्या यादीत रटगर्स एकाच वर्षात ५५वरून ४०वर आलं. वर्षभरात असं काय सुधारलं?

विद्यापीठात काही नाही. यादी बनवण्याची रीत बदलली. सप्टेंबर २०२३च्या यादीत वर्गाचा आकार, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या असे घटक काढून टाकले आणि कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं पदवीपर्यंत पोचतात का, याला वजन वाढवलं. मोठ्या सरकारी विद्यापीठांना त्याचा फायदा झाला, काही खाजगी खाली घसरली. प्राध्यापक तेच, इमारती त्याच. तरीही त्यानंतर माझ्याकडे रटगर्सबद्दल विचारणारे पालक वाढले, हे खरं.

प्रश्न : कोल्हापूर. संख्याशास्त्रात एम.एस.साठी रटगर्सचं पत्र आलंय. क्लासचे सर म्हणतात नाव मोठं नाही. दुसरीकडे एका नामवंत खाजगी विद्यापीठाचं पत्र आहे, पण अभ्यासक्रम नवा आहे आणि खर्च जास्त. कर्ज काढावं लागेल.

बाळा, बी.एस.ला येणाऱ्यांसाठी विद्यापीठाचं नाव चालतं, एम.एस.पासून पुढे विभागाचं चालतं. या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत. एडिसनची मुलगी ज्या रटगर्सला नाक मुरडते, त्याच्या तत्त्वज्ञान विभागात शिकायला जगभरातून लोक येतात. एंड्रे सेमेरेडी यांना २०१२ साली गणितातलं आबेल पारितोषिक मिळालं तेव्हा ते रटगर्समध्येच प्राध्यापक होते. बारावीच्या मुलांना हे कुणी सांगत नाही, आणि कोल्हापूर-पुण्याच्या क्लासमध्ये नाव ठरतं ते आधी गेलेल्या सीनियर मुलांच्या संख्येवरून.

संख्याशास्त्रवाल्याला नोकरी कुठे लागते, तेही बघ. जॉन्सन अँड जॉन्सनचं मुख्यालय न्यू ब्रन्सविकमध्येच आहे, मर्क ही औषध कंपनी न्यू जर्सीतच राहवेला, आणि न्यूयॉर्कच्या बँका ट्रेनच्या अंतरावर. दोन्ही विभागांना ईमेल करून तीन गोष्टी विचार : मुख्य विषय कोण शिकवतं, गेल्या वर्षीची मुलं कुठे लागली, आणि दुसऱ्या वर्षाची फी किती धरायची. खाजगी ठिकाणाहून या प्रश्नांची सरळ उत्तरं आली नाहीत, तर घर गहाण ठेवून तिकडे जाऊ नकोस. विद्यापीठाच्या नावाचा हप्ता बँक कमी करत नाही.

प्रश्न : पुणे. वय ७८. नात यंदा रटगर्सला चालली आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळ्यांची नातवंडं हार्वर्ड-स्टॅनफर्डच्या गप्पांत. हे नाव कुणी ऐकलेलं नाही. मी काय सांगू?

आजोबा, तुमच्या वयाच्या मंडळींना हे नाव माहीत नसलं तरी त्याचं काम माहीत आहे. क्षयाला औषध नव्हतं तो काळ तुमच्या घरांनी पाहिला आहे. मिरजेच्या सॅनेटोरियमला गेलेलं माणूस परत येईल का, हे कुणी सांगू शकत नसे. त्या क्षयावर लागू पडलेलं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली रटगर्समध्ये सापडलं. आल्बर्ट शाट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी शेतकी कॉलेजच्या तळघरात मातीतल्या जंतूंवर काम करत होता. त्याचे मार्गदर्शक सेल्मन वॅक्समन यांना १९५२ साली नोबेल मिळालं. ते एकट्या वॅक्समन यांना मिळालं, शाट्झला नाही, ही सल आजही तिथे बोलून दाखवली जाते. पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनपाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिनही बनायला लागलं. संघातल्या कुणाच्या तरी घरी ती इंजेक्शनं टोचली गेली असणार. विचारून बघा.

ती इमारत अजून उभी आहे, आता तिला मार्टिन हॉल म्हणतात. नात तिथे रुळली की तिला म्हणावं, कुक कॅम्पसची बस धर, तळघरात उतर आणि त्या जागेचा एक फोटो आजोबांना पाठव.