लांबच्या विमानप्रवासात शेजारच्या प्रवाशाच्या अंगाला घाण वास येत असेल तर काय करावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की दुबई ते ह्यूस्टन तुमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या अंगाला वास येत होता, आणि सगळा प्रवास तुम्ही नाकाला रुमाल लावून काढला. पुढच्या वेळी असं झालं तर सरळ एअर होस्टेसला बोलावून तक्रार करावी का, असं विचारलंय.

करू नका. निदान पहिल्यांदा तरी नको. आधी त्या माणसाशी बोला.

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण एकदा त्या गृहस्थांच्या जागी माझी आई होती.

२०१७ साली मिरजेत आईचं ऑपरेशन झालं. गुदाशयाचा कॅन्सर. खालची वाट कायमची बंद केली आणि आतडं पोटावर डाव्या बाजूला बाहेर काढलं. त्यावर पिशवी चिकटवायची, जन्मभर. डॉक्टर कोलोस्टॉमी म्हणतात, आम्ही घरात नुसतं 'पिशवी' म्हणतो. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की तिथे आवळून धरायला स्नायूच नसतो. वारा कधी सरेल, शौच कधी होईल, हे माणसाच्या हातात राहत नाही. आई जन्मभर पाचवारी नेसली. परकराची नाडी नेमकी पिशवीवर येते म्हणून बासष्टाव्या वर्षी ती इलॅस्टिकचा पायजमा आणि सैल कुडता घालायला लागली. तक्रार म्हणून केली नाही कधी.

२०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला दादाच्या मुलाची मुंज होती. मी आईला घेऊन निघाले. मुंबईहून आखातात, तिथे विमान बदलून न्यूयॉर्क. दुसरा टप्पा चौदा तासांचा. आई कडेच्या सीटवर, मी मधे, खिडकीशी चाळिशीतले एक गृहस्थ. चांगला इस्त्रीचा शर्ट, बसल्याबसल्या कानाला हेडफोन.

विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असलं तरी आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे तुम्ही त्याच्याही वर बसलेले असता. दाब उतरला की वायू फुगतो. वेफर्सचं पाकीट विमानात टम्म होतं ते त्यामुळे. पोटातला वारासुद्धा तसाच पाव ते एक तृतीयांश जास्त फुगतो, आणि तो सगळ्यांच्याच पोटात फुगतो. तुम्ही-आम्ही दाबून धरतो किंवा गुपचूप मोकळे होतो. आईची पिशवी फुगते. आणि जेवणात आला होता राजमा. आईनं विचारलं, "खाऊ का गं?" मी म्हटलं, "खा थोडा, काही होत नाही." ती चूक माझी.

जेवणाची गाडी अजून मधल्या वाटेत होती तेवढ्यात विमान हादरायला लागलं आणि पट्ट्याची खूण लागली. पाऊण तास ती विझली नाही. आई मला काहीच बोलली नाही. पांघरुणाखाली तिचा हात पोटावर होता, मला वाटलं थंडी वाजत असेल. तिनं काय केलं ते मला नंतर एडिसनला कळलं. बांगडीत कायम अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि पिशवीला वरच्या अंगाला टोचली, हवा जायला.

हवा गेली. हवेबरोबर वास आला, आणि भोक बुजत नाही, त्यामुळे तो येतच राहिला.

तो मलाही आला. हे मी इथे मुद्दाम लिहितेय. मला आला, मला कळलं, आणि मी आईला विचारलं नाही. विचारलं तर तिला लाज वाटेल म्हणून गप्प बसले. माझ्या पर्समध्ये सात नव्या पिशव्या होत्या. खूण विझल्यावर तिला संडासात नेऊन पिशवी बदलायला दहा मिनिटं पुरली असती.

खिडकीवाल्या गृहस्थांनी आधी रुमाल काढला. मग तोंड खिडकीकडे केलं. मग आपल्या बॅगेतून अत्तराची बाटली काढून समोर हवेत तीनदा फवारलं. आईला ठसका लागला. मग त्यांनी घंटी दाबली आणि एअर होस्टेस आल्यावर माझ्यासमोरून, अंगठ्यानं आईकडे दाखवून, इंग्रजीत सांगितलं की इथे बसणं अशक्य आहे. ती मुलगी आईकडे वाकली. विमानात आवाज असतो म्हणून मोठ्यानं बोलली, "मांजी, डायपर लगाया है क्या?" पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळली.

आईनं मान हलवली. नाही.

मी त्या गृहस्थांशी भांडले, ते पुढे कुठेतरी रिकाम्या सीटवर गेले. त्यानंतर नऊ तास आईनं पाण्याचा घोट घेतला नाही, की बिस्किटाचा तुकडा खाल्ला नाही. आत काही गेलंच नाही तर बाहेर येणार नाही, हा तिचा हिशेब. विमानातल्या कोरड्या हवेत नऊ तास पाण्याशिवाय, कॅन्सरमधून उठलेली बाई. न्यूयॉर्कला उतरताना तिला चक्कर आली, व्हीलचेअर मागवावी लागली. एडिसनला पोचल्यावर मी पिशवी बदलली तेव्हा मला ती तीन भोकं दिसली, एका ओळीत.

म्हणून म्हणते, तुमच्या शेजारच्या गृहस्थांना काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. पिशवी असेल. मधुमेहाची पायाची जखम असेल, ती पट्टीखालून वास सोडते. ट्रायमिथाइलअमिन्युरिया नावाचा एक जन्मजात दोष असतो, त्यात शरीरातलं एक एन्झाइम नीट काम करत नाही आणि घामाला, श्वासाला सडक्या मासळीसारखा वास येतो, दिवसातून चार आंघोळी केल्या तरी जात नाही. किंवा यातलं काहीच नसेल. मुंबई-आखात विमानांत कामाला निघालेली पोरं असतात, गावाहून दोन दिवस रेल्वेच्या जनरल डब्यातून येऊन थेट विमानतळावर. त्यांनी आंघोळ कुठे करायची होती? त्यांच्याकडे बघून नाक मुरडणाऱ्यांचा मला संताप येतो.

बोलायचं कसं, तर 'वास' हा शब्द काढायचाच नाही. "काका, काही त्रास होतोय का? बाथरूमला जायचं असेल तर मी उठतो," एवढंच, हळू आवाजात, पुढच्या रांगेला ऐकू जाणार नाही असं. सोबत कुणी असेल तर त्याला बाजूला घेऊन विचारा. मला कुणी असं विचारलं असतं तर मी आईला हात धरून उठवलं असतं. आणि खरंच सहन होत नसेल तर तुम्ही स्वतः उठून मागे किचनपाशी जा आणि दुसरी सीट आहे का विचारा. कारण सांगायची गरज नाही, आणि घंटी दाबून तमाशा तर नकोच.

बाकी तुम्ही विचारलेलं 'सोळा तास कसे काढायचे' ते थोडक्यात. डोक्यावर हवेची तोटी असेल तर ती पूर्ण उघडा आणि झोत तोंडाच्या जरा पुढे, सरळ खाली सोडा. केबिनमधली हवा वरून येते आणि पायाशी भिंतीलगत बाहेर जाते, तोटीनं तिला जोर मिळतो. विमानात हेपा फिल्टर असतात म्हणून वास येता कामा नये असं बरेच जण म्हणतात. ते फिल्टर कण आणि जंतू अडवतात, वास हा वायू असतो, तो त्यातून जातो. लवंग किंवा वेलदोडा दाढेखाली धरा. सारखे उठून फिरू नका, कारण एकाच वासाला नाक काही मिनिटांत सरावतं आणि बाहेर जाऊन आलात की तो पुन्हा ताजा होतो. अत्तर मारू नका. एका वासावर दुसरा चढवला की दोन वास होतात, आणि दुसरा तुम्ही आणलेला असतो.

शेजारी हातपाय पसरतो, त्याचं काय, हेही तुम्ही विचारलंय. मधल्या सीटवाल्याला दोन्ही हातांचे कठडे मिळाले पाहिजेत, यात चर्चा नाही. बूट काढा, मोजे काढू नका. समोरच्याच्या जेवणाच्या वेळी सीट सरळ करा. लसणाचा ठेचा आणि सुकट चौदा तासांच्या विमानात उघडू नये, घरची असली तरी. या सगळ्यात माणूस स्वतः ठरवून वागत असतो, तिथे खुशाल टोका, मी तुमच्या बाजूनं आहे.

आता दादाचं. दादाचं म्हणणं असं, आणि गेली कित्येक वर्षं हेच म्हणणं आहे, की मी चढल्याचढल्या शेजारच्याला सांगायला हवं होतं. "ही पेशंट आहे, पिशवी आहे, थोडं समजून घ्या, एवढं बोलली असतीस तर विषय मिटला असता." माझं म्हणणं, का सांगायचं? ज्याला त्रास होतोय त्यानं तोंड उघडून विचारावं. आजारी माणसानं जागोजागी पोट उघडून दाखवत फिरायचं का? दिवाळीच्या फोनवरसुद्धा आमचं हे झालेलं आहे.

ऑगस्टमध्ये परत निघालो तेव्हा दादानं विमानतळावर काउंटरवर, मागे वीसेक माणसांची रांग असताना, सगळं खणखणीत आवाजात सांगून टाकलं. काळजीपोटीच सांगितलं, ते मला मान्य आहे. कडेची, संडासाजवळची सीट मिळाली. आई मात्र पदर नसलेल्या कुडत्याची कड मुठीत धरून जमिनीकडे बघत उभी होती.

विमानात या वेळी मी कडेला बसले, आई मधे, आणि खिडकीशी एक तेलुगू आजी, लेकीचं बाळंतपण करून परत निघालेल्या. त्यांना हिंदी जेमतेम, आईचं हिंदी मिरजेचं. विमान वर गेल्यावर आईनं आपणहून त्यांच्या दंडाला हात लावला, कुडत्यावरून पोटावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाली, "ऑपरेशन. थैली है. हवा भरता है." आजींनी नीट ऐकून घेतलं. मग वाकून साडी घोट्यापर्यंत वर केली आणि पायाची पट्टी दाखवली. "शुगर," म्हणाल्या. त्यानंतर दर दोन तासांनी त्याच आईला कोपरानं ढोसायच्या, "जाओ, जाओ," आणि दोघी मिळून जायच्या, मी उठून वाट द्यायची. एकदा वाटेत जेवणाची गाडी आडवी होती तर आजींनी हात वर करून ती मागे घ्यायला लावली. आई त्या प्रवासात जेवली. दोन कप चहा प्यायली.

दादा म्हणतो, बघ, सांगितल्यावर झालं ना सोपं. दादा हे वाचणार आहे म्हणून लिहिते: आईनं सांगितलं. तिला ज्याला सांगावंसं वाटलं त्याला, तिला वाटलं तेव्हा, तिच्या शब्दांत. तू काउंटरवर सांगितलंस ते वेगळं, आणि मी शेजारच्याला सांगायला हवं होतं हे तर अजिबात मान्य नाही.

एक राहिलं. तुम्हाला दमा असेल, गरोदरपणात मळमळ होत असेल, तर बोलण्याबिलण्यात वेळ घालवू नका, सरळ उठून सीट बदलून मागा. आणि शेजारचा दारू पिऊन अंगचटीला येत असेल तर घंटीच दाबा. मी वर लिहिलेलं त्याला लागू नाही.

पिशवी असलेलं कुणी हे वाचत असेल तर: कोळशाचं फिल्टर असलेल्या पिशव्या मिळतात, हवा जाते आणि वास अडतो. साध्या पिशवीपेक्षा महाग पडतात, पण प्रवासापुरत्या घ्याच. फिल्टर ओलं झालं तर काम करत नाही. निघायच्या आदल्या दिवसापासून कडधान्यं, कोबी, सोडावॉटर बंद, पाणी मात्र बंद करायचं नाही. लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट पिशव्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये एकही नाही. सिक्युरिटीला कात्री काढून घेऊ शकतात, म्हणून पिशवीसाठी कातडीला चिकटवायच्या प्लेटची भोकं घरीच मापानं कापून न्या. तपासणी आडोशाला करा असं सांगता येतं, तो तुमचा हक्क आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात स्टोमा क्लिनिक आहे, तिथे हे सगळं न लाजता विचारता येतं. आणि पिशवीला पिन लावू नका, कितीही फुगली तरी. पट्ट्याची खूण लागलेली असेल तर एअर होस्टेसला 'मेडिकल' एवढा एकच शब्द सांगा.

आई या दिवाळीला पुन्हा एडिसनला निघालीय. प्लेटा कापून झाल्यात, वीस.