पंप तोच, हिरोईन तीच, मग हिरो दुसरा काऊन?

प्रश्न : भाऊ, माझी पोरगी धरमपेठेत जर्मनचा क्लास करते. तिथं त्यांना १९३० चा एक पिक्चर दाखवला, 'डी ड्राय फॉन डेर टांकश्टेले', म्हणजे पेट्रोल पंपावरचे तिघं. मग घरी मीपण पाहिला, भाषा कळत नाही तरी लय हसलो. नंतर नेटवर तोच पिक्चर फ्रेंचमध्ये सापडला, पंप तोच, हिरोईन तीच, पण हिरो दुसराच! डबिंग म्हणावं तर माणूस कसा बदलला? आणि जर्मनीत यावर बंदी आली होती म्हणे, एवढ्या साध्या पिक्चरवर काऊन?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : डबिंग नाही हो दादा, पिक्चरच दोनदा काढलाय. बोलपट नुकताच आला होता, एकाच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज नीट बसवायचं तंत्र तेव्हा जमत नव्हतं, मग उफा या जर्मन पिक्चर कंपनीनं काय केलं तर तोच सेट ठेवून तीच गोष्ट फ्रेंचमध्ये पुन्हा शूट केली. लिलियन हार्वे जन्माची लंडनची, तिला जर्मन, फ्रेंच, इंग्रजी सगळं यायचं म्हणून ती दोन्हीकडे आहे. जर्मन हिरो विली फ्रिच, त्याच्या जागी फ्रेंचमध्ये आंरी गारा. आपल्याकडं प्रभातनंही १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठीत न् हिंदीत असा दोनदा केला, पण तिथं हिरो-हिरोईन, गोविंदराव टेंबे न् दुर्गाबाई खोटे, दोन्हीत तेच, कारण त्यांना दोन्ही भाषा येत होत्या.

आता तुम्ही भाषा न कळता हसलात म्हणता, तर एक गंमत हुकली असेल. सुरवातीला तिघं मित्र फिरून घरी येतात तर पैसा बुडालेला, घरावर जप्ती. जप्तीच्या शिक्क्यावर खरा असायचा गरुड, पण जर्मन लोक त्याला चिडवून कोकीळ म्हणतात! घर रिकामं होतंय आणि हे पठ्ठे गाणी म्हणतायत, मग गाडी विकून पंप टाकतात आणि तिघंही एकाच पोरीवर फिदा. १९२९ च्या मंदीनंतरचा काळ होता, थेटरात बसलेल्यांत बेकार कितीतरी असतील, त्यांना हे किती आपलं वाटलं असेल बघा. मला विचाराल तर जप्तीचा सीन अख्ख्या लव्हस्टोरीपेक्षा भारी आहे.

बंदी १९३७ ची, नाझींची. गोष्टीत खटकण्यासारखं काहीच नव्हतं, खटकली ती माणसं. दिग्दर्शक विल्हेल्म थीले, निर्माता एरिख पॉमर, 'मित्र, एक चांगला मित्र' हे गाणं बांधणारा वेर्नर रिशार्ड हायमान, सगळे ज्यू, आणि सगळ्यांना देश सोडावा लागला. त्यात तो जाडा वकील आठवतो का, तो कुर्ट गेरॉन. तोही ज्यू, त्याला १९४४ मध्ये नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत मारलं. आणि तिघांतला तो बुटका हाइन्झ र्‍यूमान मात्र तिथंच राहिला न् मोठा स्टार झाला.

पोरीला सांगा, फ्रेंचवाला 'ल शमँ द्यु पारादी' नावानं आहे. पण जर्मन शिकतेय तर आधी हाच अजून एकदा पाहू दे, गाण्यांचे शब्द लिहून काढायला लावा.