बफच्या चाकाला देऊ नकोस

भुसावळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा मेसेज वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. बहिणीच्या हळदीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा फाळका लावताना त्याची कडी घड्याळाला लागली आणि चावीच्या खालच्या कानावर, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकावर, एक तिरपी रेघ उमटली. दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणतोस. पुण्यातला कुणीतरी तासाभरात बफ मारून ‘नव्यासारखं’ करून देतो म्हणतो, तर देऊ का? की फिल्म चिकटवू? की आता लॉकरातच ठेवू, म्हणजे पुढे विकताना किंमत तरी टिकेल?

पहिल्याचं उत्तर आधी घे, बाकीचं सावकाश बोलू. बफला देऊ नकोस. फुकट करून देतो म्हणाला तरी देऊ नकोस.

वस्तू वापरली की झिजणारच, हे मी तुला सांगत बसत नाही. केळीवाल्याच्या घरात वाढलास, अंगावरच्या एकाही कपड्याला चिकाचा डाग नाही असा माणूस तू लहानपणी पाहिला नसशील. तुला सगळं कळतं. कळूनही झोप लागत नाही, हे तुझं दुखणं आहे आणि ते खोटं नाही. पहिल्या मोठ्या पगारातून घेतलेली वस्तू आहे. पण झोप लागत नाही म्हणून माणसं जे करून बसतात, त्याची मला भीती वाटते.

बफ म्हणजे काय ते नीट समजून घे. मोटरवर गरगर फिरणारं कापडाचं चाक, आणि त्याला लावलेला हिरवा नाहीतर लाल ‘साबण’. साबण आपण म्हणतो म्हणून. खरं तर धातू कापणारी बारीक पूड मेणात बसवलेली असते. हे चाक रेघ भरत नाही. भरायला त्याच्याजवळ आहे काय? रेघ जेवढी खोल, तेवढं आजूबाजूचं चांगलं पोलाद ते कापून खाली आणतं, आणि सगळंच खाली आलं की रेघ दिसत नाही. एका ओरखड्यासाठी अख्खा कान उतरवायचा.

धातू कुठे जातो असं वाटत असेल तर जळगावात सराफ बाजारातल्या कुणा जुन्या माणसाला विचार. सोनारांच्या दुकानांतला केर आणि मोरीतला गाळ धुऊन झारेकरी सोन्याचे कण काढतात. त्यांच्या पिढ्या त्यावर जगल्या. दागिना घडवताना, घासताना, उजळताना जे उडालं त्यावर. सोन्याला निदान वेचणारा असतो. तुझ्या घड्याळाचं पोलाद मोटरीमागच्या भिंतीवर काळं होऊन चिकटेल, आणि ते परत कुणी आणून देणार नाही.

आता भिंग घे. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ धर. तुझ्या ओमेगा सीमास्टरचे कान सरळ नाहीत, पीळ दिल्यासारखे वळत खाली येतात. वरचा पैलू आरशासारखा, शेजारची बाजू बारीक समांतर रेघांची, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे एक धार आहे. नख फिरव, जाणवेल. कारखान्याने त्या घड्याळावर जी मेहनत केली त्यातली डोळ्यांना दिसणारी निम्मी त्या धारेत आहे. मऊ कापडाच्या चाकाला धार कळत नाही. पहिल्या खेपेला ती किंचित बोथट होते, दुसऱ्या खेपेला कान साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गुळगुळीत होतात. चकाकतात मात्र खूप. लोक फसतात ते तिथेच.

म्हातारा एवढ्याशा गोष्टीला ताणतो असं म्हणशील. ताणतो. पाहिलंय म्हणून ताणतो.

भुसावळात घड्याळाचं दुकान म्हणजे निम्मं गिऱ्हाईक रेल्वेचं. गार्ड, ड्रायव्हर, स्टेशन मास्तर. त्यांच्या मनगटावर एचएमटी. बंगळूरच्या कारखान्यात जपानच्या सिटिझनच्या मदतीने 1961 साली ही घड्याळं बनू लागली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत साहेबापासून खलाशापर्यंत सगळ्यांच्या हाती तीच आली. चावीची ‘जनता’, आत 17 ज्वेल, म्हणजे चाकांची टोकं टेकतात ते खडे, मागे साधं पोलादी झाकण. 2016 साली एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद झाली, पण ती घड्याळं अजून माझ्याकडे येतात. एका गार्डसाहेबांना निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी असंच एक दिलेलं, मागच्या झाकणावर नाव, गाव आणि तारीख कोरून. ते गेल्यावर मुलगा घेऊन आला. म्हणाला, फोटोशेजारी फ्रेममध्ये लावायचंय, नवं करून द्या. मी म्हटलं, मशीन धुऊन तेल घालतो, काच साफ करतो, केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, हात लावत नाही. त्याला राग आला. ‘पैसे देऊ राह्यलो ना काका!’ म्हणाला आणि उठून गेला. कुणाकडून तरी बफ मारून घेतलं आणि मुद्दाम मला दाखवायला आणलं. केसवरचा क्रोमचा मुलामा उडून कोपऱ्यांवर खालची पितळ पिवळी झाली होती. मागच्या झाकणावर आडनाव अर्धं, ‘भुसावळ’मधला ‘भु’ गेलेला, आणि तारखेच्या जागी नुसती लकाकी. त्याला तेही दिसलं नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा तो खाली बसला.

ती खंत माझ्या मनात आहे, पण दोष मी घेत नाही. मी नाहीच म्हटलं होतं. घरचे आजही म्हणतात, गिऱ्हाईक मागतं ते द्यावं, तुमच्या हट्टापायी धंदा शेजारच्यांकडे गेला. गेला असेल. इतरांनी मोटर बसवली, मी बसवली नाही. दुकानाला काचेचा दरवाजा लागला नाही, एसी लागला नाही. पण ज्याचं घड्याळ माझ्या टेबलावर आलं ते जेवढं पोलाद घेऊन आलं तेवढंच घेऊन गेलं, आणि हे छातीला हात लावून सांगणारे या पट्ट्यात फार नाहीत. एवढी फुशारकी मला मारू दे.

असो. तुझ्याकडे वळतो.

तिसऱ्या फोटोत काचेवर जी पांढुरकी रेघ दिसते ती बहुधा ओरखडा नाहीच. तुझी काच सफायर आहे. खनिजांची कठीणता मोजायचा मोह्सचा तक्ता आहे, 1 ते 10. हिरा 10, सफायर 9. लोखंडी कडी त्याला काय ओरखडणार? कडीचंच लोखंड काचेवर घासून राहिलं असेल. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. निघेल. टूथपेस्ट अजिबात लावू नकोस. ती युक्ती एचएमटीच्या प्लास्टिकच्या काचेची, तिथे ती चालते. तुझ्या काचेला बाहेरूनही प्रकाशाची चमक कमी करणारा पातळ थर आहे, त्याला टूथपेस्टने चरे पडतील. सफायरला भीती ओरखड्याची नाही, आपटण्याची आहे. फरशीवर पडली तर कपची उडते.

पोलादाचं उलट. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ, त्याच तक्त्यावर 7. पोलाद त्याच्या खाली येतं. मे महिन्यात 45 अंशांत यावल-रावेर रस्त्यावर जी धूळ मनगटावर बसते, ती तू खिशातल्या रुमालाने कोरडीच पुसतोस. मी पाहिलंय तुला, बोलता बोलता पुसतोस. ते केसासारखे बारीक गोल चरे कुठून आले म्हणून विचारलंस ना? ट्रॉलीची कडी एकदाच लागली. रुमाल रोज लागतो. आधी पाण्याने धूळ उतरव, मग पूस. मात्र पाण्याखाली धरण्याआधी चावी पूर्ण आत फिरवून बसली आहे ना ते बघ. गरम पाण्याच्या बादलीत कधीच नाही. चीक लागला तर ओला असतानाच धुऊन टाक.

माझी चिडचिड होते ती पुढच्या गोष्टीवर. जी झीज दिसते तिने तुझी झोप उडाली, आणि जी दिसत नाही तिचं तू नावही काढलं नाहीस. चावीखालचं आणि मागच्या झाकणाखालचं रबर उन्हाने-घामाने कडक होतं, मग 300 मीटर खोल पाण्यासाठी बनवलेलं घड्याळसुद्धा हात धुताना पाणी पितं. पट्ट्याच्या कड्यांमध्ये घामाचं मीठ आणि धूळ साचली की आतल्या पिना झिजतात, पट्टा लोंबायला लागतो. आणि मशीन! तुझं मशीन सेकंदाला 7 ठोके घेतं. दिवसाला 6 लाखांच्या वर. त्या ठोक्यांखालचं तेल सुकत आलं तर वरून कळत नाही, भाग एकमेकांना खात राहतात. 5 ते 8 वर्षांनी सर्व्हिस, आणि पोहायला घालणार असशील तर वर्षातून एकदा पाण्याची चाचणी. चुंबकाची काळजी तू करू नकोस. 2018 नंतरचं तुझं मॉडेल 15,000 गॉस सोसतं (गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप), मोबाइलच्या चुंबकाने त्याचं काही होत नाही.

सर्व्हिसला देताना मात्र डोळ्यांत तेल घालून बस. कंपनीच्या अधिकृत केंद्रात पूर्ण सर्व्हिस म्हटली की केसला पॉलिश त्यात धरलेलं असतं. त्यांचे कारागीर शिकलेले असतात, रेघांच्या बाजू झाकून चकचकीत बाजू करतात, हे मान्य. तरी पोलाद जायचं ते जातंच. म्हणून पावतीवर तुझ्या हाताने लिही: केस आणि पट्टा पॉलिश करू नये. तोंडी सांगून येऊ नकोस. काउंटरवरचा मुलगा वेगळा, आत टेबलावर बसणारा वेगळा.

उद्या खरोखरच खोल खड्डा पडला, धारच तुटली, तर त्यावरही इलाज आहे. लेझर वेल्डिंगने त्या जागी पोलाद भरून मग पैलू पुन्हा घडवणारे कारागीर असतात. ते भरतात, नुसतं कापत नाहीत, म्हणून त्यांना माझी ना नाही. पण तुझी रेघ तेवढ्या लायकीची नाही, आणि तुझा तासाभरात करून देणारा माणूस ते करणार नाही.

फिल्मबद्दल: लावायची तर लाव, दोन महिन्यांत कडा सुटतात, खाली घाम आणि माती धरते, आणि घड्याळ लहान मुलाच्या वहीसारखं दिसतं. तू स्वतःच काढून फेकशील.

आणि विकताना किंमत. तू घड्याळ घेतलंस की एफडी केलीस? पण विचारलंसच म्हणून व्यवहाराचंही सांगतो, कारण व्यवहारही माझ्याच बाजूने आहे. जुन्या घड्याळांचे जाणकार डायलबरोबर कानही निरखून बघतात. धारा शाबूत असलेलं, चरे पडलेलं घड्याळ ते घासलेल्या घड्याळापेक्षा जास्त मानतात. चरा नंतरही काढता येतो, गेलेली मूळची धार परत येत नाही, एवढा साधा हिशेब आहे. इंटरनेटवर डायल रंगवलेल्या, केस चकचकीत केलेल्या ‘नव्या कोऱ्या’ जुन्या एचएमटी विकायला असतात ना, त्यांच्याकडे खरा जाणकार ढुंकून बघत नाही. म्हणजे किमतीसाठीसुद्धा, ज्या किमतीची मला काडीची पर्वा नाही, बफला देऊ नकोस.

लॉकरचं ऐकून मात्र वाईट वाटलं. आप्पा परवा बाजारात भेटले तेव्हा हसत सांगत होते, ‘पोरगं घड्याय काढून ठेवतं, मंग केयीच्या बागात जातं.’ ते हसले, मला हसू आलं नाही. समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं घड्याळ, आणि तुला बागेच्या पाटाची भीती? घालून जा. कोयता चालवताना, इंजिनाचं काम करताना काढ, बाकी वेळ घाल. दुसरी रेघ पडेल, तिसरी पडेल. चौथी कधी पडली ते तुला आठवणार नाही, असा माझा अनुभव आहे. पहिलीचंच तेवढं दुःख असतं. ते दोन महिने सोस, आणि त्या दोन महिन्यांत कुणाच्या मोटरीजवळ जाऊ नकोस.

उद्या सकाळी त्या पुण्याच्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांग. ‘बघतो, कळवतो’ म्हणू नकोस, असे लोक पुन्हा फोन करतात आणि तू भिडस्त आहेस.

आणखी एक. घेताना पट्ट्यातून काढलेल्या कड्या कुठे आहेत? मागच्या खेपेला विचारलं तर ‘असतील डब्यात’ म्हणालास. ओरखड्याने तुझं जेवण जातं, आणि मूळच्या कड्या हरवल्या की सापडल्या ते तुला माहीत नाही! शोध आणि मला कळव. आप्पांना नमस्कार सांग.

तुझा,
काका